लग्नासाठीचा पगार

भोकरात आणि भोवतालच्या खेड्यांत बौद्ध समाजातल्या कुणाच्या पोरीला स्थळ आलं, की पोराकडच्यांना "कळवतो" एवढंच सांगायचं आणि सरजाबाई गायकवाडला निरोप धाडायचा, अशी रीतच पडून गेली होती. सरजाबाई मग फडक्यात भाकरी बांधायची, एसटीत बसायची आणि पोराच्या गावाला जाऊन यायची. आली की दारातूनच सांगायची, "द्या," नाहीतर "नका देऊ." का नको, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. विचारलंच तर म्हणायची, "माझ्यावर इस्वास न्हाई तर मला धाडलं कामून?"

तिची पद्धत मात्र बघण्यासारखी होती. पोराच्या घरी ती कधीच जायची नाही. जायची शेजारी. उन्हातून आलेल्या बाईनं पाणी मागितलं तर कोण नाही म्हणतं? पाणी प्यायची, उंबऱ्याशी टेकायची, शेजारीण भाजी निवडत असली तर आपणही चार काड्या हातात घ्यायची, आणि बोलता बोलता सगळं घर उलगडून घ्यायची. एका पोराची दारू तिनं भंगारवाल्याकडून शोधून काढली. एका घरची थोरली सून दिवाळीपासून माहेरी बसलीय, हे तिला पिठाच्या गिरणीवर कळलं. पण आपण कशासाठी आलो, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. तो तिचा पहिला नेम. सांगितलं की माणूस सावरून बसतो, असं तिचं म्हणणं.

आता एवढं नाव झालेल्या माणसाला एक खोड लागतेच. आपली रीत चुकूच शकत नाही, असं वाटायला लागतं. सरजाबाईलाही ती लागली होती, उगाच झाकून काय ठेवायचं.

तिचा नवरा साहेबराव एसटीत कंडक्टर होता. नोकरीत असतानाच काविळीनं गेला. ती मुलींच्या सरकारी वसतिगृहात स्वयंपाकाला. पोरगी एकच, विशाखा. साहेबरावाच्या मागं जे पैसे आले ते सरजाबाईनं पोस्टात टाकले आणि त्यांना हात लावला नाही. घरावरचे पत्रे उडाले तेव्हा नाही, स्वतःचं दाताचं दुखणं महिनाभर काढलं तेव्हाही नाही. हा पैसा एकदाच निघणार आणि विशाखाच्या शिक्षणासाठीच निघणार, हे तिनं चांगलं चारचौघांत सांगून ठेवलं होतं. चारचौघांत सांगितलं की मग मोडायला जड जातं, म्हणून.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात विशाखानं बी.कॉम.ची शेवटची परीक्षा दिली आणि एमबीए करायचं म्हणाली. दोन ठिकाणं समोर होती. एक पुण्याचं खाजगी कॉलेज. तिथं शिष्यवृत्ती चालत नव्हती. पोस्टातला पैसा सगळाच्या सगळा गेला असता, आणि जागा धरायची तर मे महिना संपायच्या आत भरावा लागला असता. दुसरं नांदेडचं कॉलेज. तिथला प्रवेश पावसाळ्यात, फी सरकार भरणार, राहायला वसतिगृह मिळणार. मग घोडं अडलं कुठं? अडलं ते इथं, की पुण्याच्या माहितीपुस्तकात कोट घातलेल्या पोरापोरींचे फोटो होते आणि खाली पगारांचे आकडे होते. नांदेडवाल्यांकडं पुस्तकच नव्हतं.

"माय, हे बघ, राज्यात नववा नंबर हाय," विशाखा पुण्याच्या पुस्तकावर बोट ठेवून म्हणाली. मग खोटं बोलायची सवय नसल्यानं मोबाइल काढून पुढं म्हणाली, "ह्या दुसऱ्या यादीत एकतिसावा दाखवतात. अन् तिसऱ्या यादीत नावच न्हाई."

"एकच कॉलेज, अन् तीन जागी तीन नंबर कसे?"

"याद्या वेगवेगळ्या मासिकांच्या हायेत."

"मासिकवाले कॉलेजात जाऊन बघून आले का?"

विशाखा घुटमळली. "तसं न्हाई. कॉलेजवालेच माहिती भरून धाडतात. पगाराचा आकडाबी तेच कळवतात."

सरजाबाई पोळपाट बाजूला सारून खळखळून हसली. "मंजी नवरदेवानं सोताच सोताची चौकशी केली म्हण की."

थोरले दीर लिंबाजी पलीकडच्या गल्लीतच राहायचे. साखर कारखान्यावर वॉचमन होते, आता रिटायर होऊन पेपर वाचायचे. त्यांचं वेगळंच होतं. किनवट जिल्हा होणार, उदगीर जिल्हा होणार, ही बातमी दर सव्वीस जानेवारीच्या आधी यायची आणि दर वेळी लिंबाजी ती पहिल्यांदाच आल्यासारखी आणून सांगायचे. "जिल्हा झाला की कचेऱ्या येतात. कचेऱ्या आल्या की जागा निघतात. लातूर जिल्हा झाला तवा काय कमी माणसं लागली? पोरीला टायपिंग शिकव, अन् तोवर एखादं चांगलं घर बघून टाक. पोस्टातला पैसा लग्नाला कामी येतो."

"भाऊजी, त्यो पैसा लग्नाचा न्हाई," सरजाबाई म्हणायची, आणि लिंबाजी पेपरात डोकं घालायचे. त्यांनी तो विषय सोडला असं मात्र कधी झालं नाही.

तर सरजाबाईनं ठरवलं. नंबर नाही, पुस्तक नाही. ज्या घरची लेकरं ह्या दोन कॉलेजांतून शिकून निघाली, ती घरं आपण बघायची. लेकरू काय कमावतं ते त्याच्या घराइतकं कुणाला ठाऊक? विशाखानं पुस्तकातल्या नावांवरून आणि विहाराच्या ओळखीपाळखीनं पत्ते काढून दिले. पुण्याला शिकलेला एक पोरगा शिरूर अनंतपाळचा निघाला, एक लातूरचा. नांदेडच्या कॉलेजातली एक मुलगी नांदेडचीच. वसतिगृहाला सुट्टी होती. सरजाबाई निघाली.

पहिला घोटाळा पाण्यानं केला. भोकर-नांदेडकडं टंचाई होतीच, पण अहमदपूर ओलांडलं तसं जिकडं तिकडं घागरी आणि ड्रम रांगेत उभे. लातुरात पाण्याच्या टाकीपाशी पोलीस. अशा गावात अनोळखी घरी जाऊन "बाई, पाणी पाजता का" म्हणायला तिचं तोंड उघडेना. माणसं नाही म्हणाली नसती, आपल्या लेकराच्या वाटचं ओतून दिलं असतं, त्याचीच तिला लाज वाटली. तिनं भोकरहूनच पाच लिटरचा कॅन भरून आणला होता. पण पाणी मागायचं नाही म्हटल्यावर शेजारी टेकायचं कोणत्या निमित्तानं? मग ती सरळ ज्याची चौकशी करायची त्याच्याच दारात उभी राहायला लागली. हा दुसरा घोटाळा, आणि तो तिच्या ध्यानातही आला नाही.

शिरूर अनंतपाळात शेषेराव कांबळे ओसरीवरच बसले होते. लातूर जिल्हा झाला तेव्हा कलेक्टर कचेरीत शिपाई म्हणून लागलेले, क्लार्क होऊन रिटायर झालेले. "जय भीम" झालं. सरजाबाईनं गाव सांगितलं, नाव सांगितलं, इकडून चालले होते म्हणाली. मग हळूच, "पोरगा पुण्याला असतो म्हणं. काय शिकला? काय पगार हाय?"

शेषेरावांनी चष्मा नाकावर नीट बसवला. "एमबीए हाय. पन्नास हजार पगार. वर हिंडायला कंपनीची गाडी." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला लेकरं किती, ताई?"

"एकच पोरगी. बी.कॉम.ची परीक्षा दिली औंदा."

"अस्सं," शेषेराव म्हणाले आणि आत बघून बायकोला चहात दूध जास्त घालायला सांगितलं.

लातुरात दुसऱ्या पोराच्या आईनं, धुरपताबाईनं, तर कहर केला. पोराचा कोटातला फोटो भिंतीवरून उतरवून हातात दिला, पंचेचाळीस हजार सांगितले, कांदेपोहे केले, आणि सरजाबाईला रिक्षापर्यंत सोडायला आली. जाताना हात हातात घेऊन म्हणाली, "आता येत जावा." बसमध्ये ओळखीचा कंडक्टर भेटला, साहेबरावाच्या वेळचा. सरजाबाई त्याला म्हणाली, "दुष्काळानं माणुसकी वाढली बगा. लातूरकडची माणसं लई मायाळू झालीत."

नांदेडला मात्र उलट तऱ्हा. कस्तुराबाई म्हणून होत्या. त्यांची सुकेशनी नांदेडच्या कॉलेजातून एमबीए झालेली, तिथंच एका बियाण्याच्या कंपनीत होती. सरजाबाईनं पगार विचारला तशी कस्तुराबाईनं पदर सावरला. "कशाचा पगार, बाई. आठ हजार भेटतात. घरी बसून काय करायचं म्हणून जाती आपली. स्वयंपाक समदा येतो तिला."

सरजाबाईनं मनातल्या मनात मान हलवली. आठ हजारांत ती स्वतः वसतिगृहात भाकरी थापत होती, त्यासाठी एमबीए कशाला?

घरी आली आणि दारातूनच म्हणाली, "पुण्याला जा." विशाखा तिच्या गळ्यात पडली. पोरीचं पहिल्यापासून पुण्याचंच मन होतं, पण पोस्टातल्या पैशाकडं बघून ती बोलत नव्हती. त्या संध्याकाळी मायलेकी लई खुशीत होत्या. सोमवारी पोस्टात जायचं आणि मंगळवारी पैसे भरायचे, असं ठरलं.

आणि रविवारी दुपारी दारात जीप थांबली.

पुढून शेषेराव उतरले, मागून त्यांची बायको, आणि सगळ्यांत शेवटी इस्त्रीच्या शर्टातला, घामानं डबडबलेला त्यांचा नागसेन. बायकोच्या हातात पेढ्यांचा बॉक्स. शेषेराव हसून म्हणाले, "जय भीम, ताई. तुम्ही आमचं घर बघून गेलात. म्हटलं, आता आपणबी त्यांचं बघून यावं. पोरगा दोन दिवस सुट्टीवर हाय, तर सोबतच आणला."

जास्त दुधाचा चहा, भिंतीवरून उतरलेला फोटो, रिक्षापर्यंतची सोबत, सगळं एका क्षणात सरजाबाईच्या डोळ्यांपुढून गेलं. तीस वर्षं चौकशा केलेली बाई. ती एखाद्याच्या दारात जाऊन पोराचा पगार विचारते, नि कशासाठी ते सांगत नाही, तेव्हा समोरचा काय समजणार? तिच्या जागी दुसरी कुणी असती तर सरजाबाईनंच तिला वेड्यात काढलं असतं.

तिनं चटई टाकली, पाणी दिलं. काय बोलावं ते जुळवतेय तोवर जीप बघून लिंबाजी आलेच. एका मिनिटात त्यांना सगळं कळलं आणि दुसऱ्या मिनिटाला ते पाहुण्यांच्या शेजारी मांडी घालून बसले.

"पन्नास हजार पगार, एमबीए, आपल्याच माणसांतला," लिंबाजी म्हणाले. "सरजाबाई, पन्नास हजार कमवायला तू पोरगी पुण्याला धाडून राहिलीस. हितं पन्नास हजार सोताच्या पायानं घरी चालत आले. पोस्टातल्या पैशात लग्न दणक्यात होतं, वर उरतात. आता कशाला कॉलेज लागतं?"

शेषेराव संकोचून हसले. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. चार माणसांनी ऐकलं तर तीन लिंबाजीचंच खरं धरतील, हे सरजाबाईला दिसत होतं. सोमवारी पोस्टातून निघणारा पैसा रविवारीच दुसरीकडं वळत होता, आणि वळवणारी ती स्वतः होती.

स्वयंपाकघराच्या दारात विशाखा उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "माय, तू माझ्यासाठी कॉलेज बघायला गेली व्हतीस का पोरगा?"

हे सरजाबाईला लागलं. आयुष्यात कुणी तिच्या चौकशीवर बोट ठेवलं नव्हतं, आणि ठेवलं ते पोटच्या पोरीनं, तेही बरोबर जागी. तिला रडू आलं नाही. स्वतःचाच संताप संताप झाला. ती उठून उभी राहिली.

"शेषेरावदादा, मी चुकले. पोरगा बघायला आले नव्हते. तुमचं पोरगं ज्या कॉलेजात शिकलं, ते कॉलेज कसं हाय हे बघायला आले व्हते. माझ्या पोरीला तिथं घालायचं चाललं हाय. कशासाठी आले ते सांगायची मला सवय न्हाई, त्यात तुमाला वाटखर्च पडला. मला माफ करा."

शेषेरावांनी बायकोच्या मांडीवरच्या बॉक्सकडं बघितलं, मग पोराकडं.

"कॉलेजसाठी?" त्यांनी विचारलं.

"हाव. कॉलेजसाठी."

"मग तसं आधी सांगायचं न्हाई का, ताई. कॉलेजसाठी म्हणला असतात तर खरं सांगितलं असतं."

"मंजी?"

शेषेरावांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "पन्नास हजार लग्नासाठी सांगितले. कॉलेजसाठी बावीस हायेत."

नागसेन खाली मान घालून बसला होता. आता त्यानं मान वर केली. त्याला उलट सुटल्यासारखं वाटत असावं. "मावशी, बावीसमध्येबी खोलीचं भाडं अन् मेस जाऊन हातात काय राहतं ते आईला ठाऊक हाय. गाडी कंपनीची न्हाई, माझीच जुनी मोटारसायकल. पुस्तकात माझा फोटो हाय, तुम्ही बघितला असंल. त्याच्याखाली जो पगार लिहिलाय तो मला कधी मिळालाच न्हाई."

"मग लिहिला कसा?" विशाखानं दारातूनच विचारलं.

"टार्गेट पूर्ण झालं तर वर्षाला जास्तीत जास्त किती मिळू शकतो, तो आकडा हाय. टार्गेट आमच्या बॅचमध्ये कुणाचंच पूर्ण झालं न्हाई. अन् ज्यांना नोकरीच लागली न्हाई, त्यांना तर सरासरीत धरतच न्हाईत."

शेषेराव मधेच बोलले. त्यांचा आवाज जड झाला होता. "मी शिपाई म्हणून लागलो, ताई. साहेबांच्या फायली उचलल्या. पोरगा कोट घालून ऑफिसात बसावा म्हणून होतं ते समदं त्याला लावलं. आता कुणी पगार इचारला तर बावीस म्हणायला जीभ उचलत न्हाई."

सरजाबाईला त्यांचा राग आला नाही. तिच्या समाजात ठरतं लग्न मोडणारा आकडा कुणी तोंडातून काढत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

लिंबाजी मात्र हार मानणारे नव्हते. "बावीस तर बावीस," ते म्हणाले. "बावीस काय कमी हायेत? पोरगा खरं बोलणारा हाय, हेबी दिसलं."

"भाऊजी," सरजाबाई म्हणाली, "पोरगा सोन्यासारखा हाय. पण आकडा पन्नास असता तरी माझं उत्तर हेच व्हतं. हिच्या बापाचा पैसा हिच्या शिक्षणाला हाय. मी चारचौघांत बोललेली हाय, त्यात तुमीबी व्हता." लिंबाजी खरंच होते. त्यांनी नजर पेढ्यांच्या बॉक्सकडं वळवली.

पेढे परत न्यायचे कसे, ह्या विचारानं शेषेरावांची बायको अवघडून बसली होती. विशाखा पुढं आली, तिनं बॉक्स हातात घेतला, उघडला आणि पहिला पेढा नागसेनलाच दिला. "माझा आजून निकाल लागायचाय, पण पास तर मी होणारच," ती म्हणाली. "त्याचे समजा." मग सगळ्यांनी खाल्ले, लिंबाजींनी दोन खाल्ले. नागसेननं जाताना विशाखाला तिथं कोणते मास्तर चांगले, कोणते नुसते येऊन जातात, हेही सांगितलं. जीप गेली.

सोमवारी सरजाबाई पोस्टात गेली नाही. ती लातूरच्या बसमध्ये बसली.

आता कुणी म्हणेल, एवढी शोभा झाल्यावर पुन्हा कशाला त्या दारात? दुसरी बाई असती तर तोंड लपवून बसली असती. सरजाबाईचं तसं नव्हतं. चुकलेली भाकर ती दुसऱ्याच्या ताटात सरकवायची नाही, पुन्हा थापायची. आणि ह्या वेळी तिनं आपला पहिला नेम आपल्याच हातानं मोडला. दारात उभी राहिली की आत जायच्या आधी सांगायची, "लग्नाचं काम न्हाई. पोरगी शिकवायची हाय. खरं काय ते सांगा, न्हाई सांगायचं तर तसं सांगा."

धुरपताबाई खवळली. "लग्नाचं काम नव्हतं तर तवा पोहे कामून खाल्ले?" ती म्हणाली. तिनं नात्यात चार ठिकाणी सांगूनही टाकलं होतं. सरजाबाईनं ऐकून घेतलं. बाई बरोबर बोलत होती. उन्हात उभ्याउभ्या तिचं सगळं ऐकलं, आणि शेवटी म्हणाली, "बाई, तुमी मला शिव्या द्या, पण माझ्या पोरीला फसू देऊ नका."

धुरपताबाई थांबली. तिनं गल्लीत दोन्हीकडं बघितलं आणि सरजाबाईला आत घेतलं. पोरगा पुण्यात नव्हताच. मागच्या दिवाळीपासून घरी होता. तिथली कंपनी सुटली, दुसरी लागेना. आता मामाच्या टँकरवर फेऱ्यांचा हिशेब बघत होता. "दुष्काळ हाय म्हणून काम तरी हाय," धुरपताबाई म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. सरजाबाई तिच्याजवळ बराच वेळ बसली. कॅनमधलं पाणी दोघींनी प्यायलं.

नांदेडला कस्तुराबाईच्या दारात तिनं तेच सांगितलं. कस्तुराबाईंनी तिच्याकडं खालून वर बघितलं.

"पोराचं बघत न्हाई तुमी?"

"मला पोरगाच न्हाई, बाई."

"तसं सांगा की मग." कस्तुराबाईंचा सगळा नूर बदलला. "सुकेशनीला चौतीस हजार हायेत. पहिलं वर्ष बारा व्हते, मग वाढत गेले."

"अन् मला आठ कामून सांगितले?"

"आवं, पोरीचा पगार कुणी खरा सांगतं का? जास्त सांगितला तर पोराकडले बिचकतात. पोराहून पोरीचा जास्त निघाला तर सोयरीक येतच न्हाई. अन् आली तर पगारावरच डोळा ठेवून येती."

तीस वर्षं सरजाबाई घराघरांतली गुपितं काढत हिंडत होती, आणि पोरांचे पगार फुगतात, पोरींचे आटतात, एवढी साधी गोष्ट तिला आज कळत होती. कारण तीस वर्षांत पोरीचा पगार विचारायची वेळच तिच्यावर आली नव्हती.

संध्याकाळी सुकेशनी कामावरून आली. तिनं कॉलेजची तारीफबिरीफ केली नाही. "कॉलेज काही लई भारी न्हाई, मावशी. कॉम्प्युटर जुने हायेत, एक सर तर नुसते नोट्स वाचून दाखवतात. पण दुसऱ्या वर्षाला ते आम्हाला कंपन्यांत काम करायला धाडतात. मला बियाण्याच्या कंपनीत धाडलं, मी कामाला चिकटले, त्यांनी ठेवून घेतलं. जी नुसती हजेरी लावून आली, ती आज घरी हाय."

सरजाबाई भोकरला आली. ह्या वेळी ती दारातून काहीच म्हणाली नाही. हातपाय धुतले, विशाखाला समोर बसवलं आणि जे जसं ऐकलं तसं सगळं सांगितलं. बावीस सांगितले, टँकर सांगितला, चौतीस सांगितले, पहिल्या वर्षाचे बारा सांगितले, नोट्स वाचणारे सरही सांगितले. मग म्हणाली, "चौकशी माझी. पसंती तुझी. पुण्याला म्हणलीस तर उद्याच पोस्टात जाते, अन् त्याचा मला राग न्हाई."

पुण्याचं पुस्तक विशाखानं उशाशी ठेवलं होतं, ते काढून तिनं नागसेनचा फोटो पुन्हा एकदा बघितला. तिला पुण्याला जायचं होतं, अगदी मनापासून जायचं होतं, हे सरजाबाईला दिसत होतं.

"नांदेड," विशाखा शेवटी म्हणाली. "पण माय, मी तिथं नुसती हजेरी लावायला न्हाई जाणार. अन् पुण्याला मी जाणारच हाय. नोकरीला जाईन."

"जा की," सरजाबाई म्हणाली.

आणि ती गेली. लगेच नाही, सरळही नाही. दोन वर्षं नांदेडच्या वसतिगृहात काढली, मग वर्षभर तिथल्याच एका डाळ मिलच्या ऑफिसात अगदी कमी पगारावर राबली. ते वर्ष वाईट होतं. लिंबाजींनी त्या काळात दोनदा स्थळं आणली आणि दोन्ही वेळा सरजाबाईनं त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. चौथ्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीत मराठवाड्यातली डाळ खरेदी बघायला माणूस पाहिजे होता. त्यांनी विशाखाला घेतलं. पोस्टातल्या पैशातून पुण्याच्या खोलीची अनामत तेवढी, शिक्षणातच धरून, भरली. बाकी पैसा अजून पोस्टातच आहे. किनवट जिल्हा अजून व्हायचाच आहे, आणि लिंबाजी अजून पेपर वाचतात.

सरजाबाईचं काम मात्र वाढलं. आता तिला स्थळांच्या चौकशीला बोलावतात तसं कॉलेजांच्या चौकशीलाही बोलावतात. पोराचं नर्सिंगचं बघायचंय, पोरीचं फार्मसीचं बघायचंय, सरजाबाई, जाऊन या. ती जाते. दोन्ही कामांची तऱ्हा ती वेगळी ठेवते. लग्नाचं असलं तर शेजारी जाऊन पाणी मागते. कॉलेजचं असलं तर दारातच सांगून टाकते.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती. शेजारच्या भामाबाईच्या ओट्यावर कुणी परकी बाई आली, पाणी मागितलं, तिथंच टेकली. मुदखेडकडची म्हणाली. भिंतीआडून बोलणं ऐकू येत होतं. आधी पावसाचं, मग भाज्यांच्या भावाचं, मग हळूच, "ह्या शेजारच्या घरी कोण कोण असतं?" सरजाबाईला हसू आवरेना. तिची स्वतःची रीत कुणीतरी तिच्यावरच चालवत होती, आणि बरी चालवत होती.

थोड्या वेळानं ती बाई भामाबाईसोबत सरजाबाईच्याच दारात आली. सहज आल्यासारखं दाखवून म्हणाली, "लेक पुण्याला असते म्हणं तुमची. काय पगार असंल तिला?"

सरजाबाईनं सूप खाली ठेवलं. "लग्नासाठी इचारता का कॉलेजसाठी?"

बाई गोंधळली. "का? येगळा येगळा हाय का?"

"लोकांकडं असतो," सरजाबाई म्हणाली. "आमच्याकडं दोन्हीला एकच हाय."

आणि तिनं विशाखाचा पगार सांगितला, अगदी खरा, एक रुपया कमी नाही की जास्त नाही, पलीकडच्या गल्लीत पेपर वाचत बसलेल्या लिंबाजींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.